अर्ज कुठे मिळतो?

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्याच्या ओवरीत उषवदाताचा लेख कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा हा जावई, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा. लेख दानाचा आहे, पण वाचताना तो बँकेच्या कागदासारखा वाटतो. भिक्षुसंघासाठी उषवदातानं ३,००० कार्षापण नाण्यांची कायमची ठेव ठेवली. गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० दरमहा शेकडा एक या दरानं, दुसरीकडे १,००० पाऊण टक्क्यानं. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजच खर्चायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण कापडासाठी द्यायचे. हिशेब करून पाहा: २,००० वर वर्षाचे २४०, वीस जणांना बारा-बारा. दोन हजार वर्षांनंतरही तो पैशाला पैसा जुळतो.

मला मात्र त्या लेखातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. हे सगळं निगमसभेत सर्वांना ऐकवलं आणि रिवाजाप्रमाणे दप्तरी नोंदवलं, असं तिथे लिहिलं आहे. पैसा कुणाचा, कुणाकडे, कोणत्या दरानं, हे गावानं ऐकायचं आणि गावाच्या दप्तरात ते सापडायचं. याच लेण्यातल्या आणखी एका लेखात उषवदातानं दमणगंगा, पार, तापी अशा नद्यांवरच्या होड्या प्रवाशांना मोफत केल्याची नोंद आहे. दमणगंगा आणि पार या दोन्ही नद्या आपल्याच जिल्ह्याच्या डोंगरात उगम पावतात. याच लेण्यांपैकी तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आज्ञा आहे. गोवर्धनच्या अमात्याला उद्देशून ती दिलेली आहे: भिक्षूंना दिलेल्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, मिठासाठी ते खणू नये, कुणी त्याला हात लावू नये. आज्ञा कुणी लिहिली, हेही खाली कोरलं आहे. शेताला दिलेली ही माफी सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लिहिली होती, हे लक्षात ठेवून मी पुढचं लिहितो आहे.

कारण आजच्या नाशिकमध्ये साधा प्रश्न असा आहे: ज्याला कर द्यायचा आहे, किंवा कर लागू नाही असं सांगायचं आहे, त्या माणसाला त्यासाठीचा कागद कुठे मिळतो?

एप्रिलचा पहिला पंधरवडा आठवा. शहरातल्या कोणत्याही बँकेत सकाळी दहाला सत्तरीतल्या माणसांची रांग असते. कापडी पिशवीत पासबुक, मुदत ठेवीच्या पावत्या आणि पॅन कार्डाच्या छायाप्रती. त्यांना, १९६१ च्या आयकर कायद्यातल्या नावानं, ‘पंधरा एच’ भरायचा असतो. आपल्या एकूण उत्पन्नावर कर बसत नाही, तेव्हा व्याजातून कर कापू नका, असं बँकेला लिहून देणारा हा नमुना. साठीच्या आतल्यांसाठी ‘पंधरा जी’. दरवर्षी नव्यानं द्यायचा आणि जितक्या बँकांत ठेवी तितक्या ठिकाणी द्यायचा. काही शाखांत अर्जाचा गठ्ठा टेबलावर असतो. काही शाखांत तो दुपारपर्यंत संपतो आणि मग उत्तर येतं, “काका, बाहेरून झेरॉक्स आणा.” बाहेरच्या दुकानात मिळते ती कितव्या तरी प्रतीची प्रत. रकाने पुसट आणि कधी कधी नमुनाच जुना, बदलून गेलेला. आत आणल्यावर तो चालत नाही.

हा अर्ज राहिला तर काय होतं? व्याज मर्यादेपलीकडे गेलं की बँक १० टक्के कापते, पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. ज्येष्ठांसाठी ही मर्यादा ५० हजारांची होती, १ एप्रिल २०२५ पासून ती १ लाख झाली. इतरांची ४० हजारांवरून ५० हजारांवर गेली. त्यामुळे त्या वर्षी पुष्कळ ज्येष्ठांची रांग टळली, हे चांगलंच झालं. पण घर विकून किंवा निवृत्तीचे पैसे एकरकमी ठेवून त्याच्या व्याजावर जगणारी, पेन्शन नसलेली माणसं लाखाच्या वर सहज जातात. कापलेले पैसे परत मिळवायचे तर विवरणपत्र भरावं लागतं आणि ते संगणकावरच भरायचं असतं. म्हणजे दोन पानांचा एक कागद वेळेवर मिळाला नाही म्हणून मुलाच्या, भाच्याच्या नाहीतर सीएच्या दारी जावं लागतं. ज्यांना मुलगा जवळ नाही, भाचा विचारत नाही आणि सीएची फी परतीच्या रकमेच्या निम्मी आहे, ते पैसे सोडून देतात. अशी सोडून दिलेली रक्कम कुठल्याच आकडेवारीत येत नाही.

वयाच्या ८० वर्षांनंतरची सवलत तर नीट समजून घ्यायला हवी. करनिर्धारण वर्ष २०१९-२० पासून कागदावर विवरणपत्र भरण्याची मुभा जवळजवळ सर्वांसाठी बंद झाली. ८० किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींना मात्र ‘आयटीआर-१’ आणि ‘आयटीआर-४’ हे दोन नमुने कागदावर भरून देता येतात. सवलत देण्यामागचा विचार योग्य आणि माणुसकीचा आहे: या वयाच्या माणसानं संगणक शिकलाच पाहिजे असा आग्रह धरू नये. पण तो कोरा नमुना संकेतस्थळावर असतो. तो उतरवून घ्यायचा, छापायचा आणि मग कार्यालयात नेऊन द्यायचा. संगणक येत नाही म्हणून ज्याला कागद दिला, त्यानं कागदासाठी संगणकाकडेच जायचं, अशी या नियमाची अवस्था होऊन बसली आहे. कायद्यानं दिलेला हक्क खरा आहे. तो हातात पडण्याची जागा मात्र ठरवायची राहून गेली.

ऐंशीच्या अलीकडच्या वयासाठी २०२१ च्या अर्थसंकल्पानं दुसरी वाट काढली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतलं व्याज एवढंच उत्पन्न असलेल्या माणसानं बँकेला ‘बारा बीबीए’ (१९६१ च्या कायद्यातलं नाव) हा नमुना भरून दिला, की बँकच कर कापते आणि विवरणपत्र भरावं लागत नाही. यात मेख ‘त्याच बँकेतलं’ या शब्दांत आहे. नाशिकमध्ये पेन्शन राष्ट्रीयीकृत बँकेत आणि ठेवी सहकारी बँकेत, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. ती मोडली नाही तर ही सवलत मिळत नाही. या नमुन्याचं नावच पुष्कळ पेन्शनरांच्या कानावर गेलेलं नसतं. जिथे माणसं रोज बसतात तिथल्या भिंतीवर चार ओळी लागल्या असत्या, तर एव्हाना पेन्शनरांच्या कट्ट्यांवर त्याची चर्चा झाली असती.

कागदाचा काळ फार सुखाचा होता असं मी म्हणणार नाही. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना ‘सरल’ आठवत असेल. १९९८ साली अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी तो एका पानाचा नमुना आणला. त्याच सुमाराला ‘वन बाय सिक्स’ नावाची योजना होती: घर, मोटार, टेलिफोन, क्रेडिट कार्ड, परदेश प्रवास, क्लबाचं सभासदत्व यांपैकी एक जरी असलं, तरी विवरणपत्र भरायचं. उत्पन्न करपात्र नसलं तरीही. घरात टेलिफोन आला म्हणून आयुष्यात पहिल्यांदा आयकराच्या कार्यालयाची पायरी चढलेली माणसं त्या काळात शहरोशहरी होती. जुलै अखेरीस खिडकीपुढे गर्दी व्हायची, शिक्का मारलेली पोचपावती घडी घालून पाकिटात जायची. २००७ पासून क्रमांकांचे आयटीआर आले. २००९ मध्ये बंगळुरूचं मध्यवर्ती प्रक्रिया केंद्र सुरू झालं आणि सही केलेलं एक पान टपालानं तिकडे जाऊ लागलं. वर्षाला १० लाखांवर उत्पन्न असणाऱ्यांना २०१२-१३ पासून, ५ लाखांवरच्यांना २०१३-१४ पासून संगणकावरच भरण्याची सक्ती झाली. पायरी पायरीनं कागद मागे सरला. परतावा महिनोन्‌महिने अडकायचा तो आता काही दिवसांत खात्यात येतो. नोकरदाराचं विवरणपत्र आधीच भरलेलं समोर येतं. हा बदल मला मान्य आहे, हवासा आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की, बंद केलेल्या त्या खिडकीशी फक्त कागद मिळत नव्हता. तिथे “हा रकाना सोडा, इथे सही करा” असं सांगणारं कुणीतरी असायचं. त्याची जागा कुणी घ्यायची, हे ठरलं नाही.

ती जागा आपोआप भरली गेली. सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाकडून जिल्हाधिकारी कचेरी आणि न्यायालयाच्या बाजूला गेलं की टायपिंगवाले, मुद्रांक विक्रेते, छायाप्रतीची दुकानं, ‘सर्व ऑनलाइन कामे केली जातील’ अशा पाट्या दिसतात. तिथली बरीच माणसं कष्टाळू आणि जाणकार असतात. सुरगाणा-पेठहून सकाळच्या एसटीनं आलेल्या माणसाला तीच आधार देतात, कारण बाकी कुणी नसतं. तरी त्या टेबलापाशी काय घडतं तेही पाहायला हवं. अनोळखी दुकानाच्या संगणकावर माणूस आपला आधार क्रमांक, पॅन, बँकेचा खाते क्रमांक सांगतो. मोबाइल पुढे करतो, “ओटीपी आलाय बघा.” त्याच्या पॅन कार्डाची प्रत त्या संगणकात राहते. एखादा फॉर्म कोरा हातात मिळाला असता तर हे सगळं दुसऱ्याच्या ताब्यात देण्याची वेळ आली नसती.

आणि न लागणारा कागद विकत घ्यायला लावणं, हा नुकसानीचा आणखी एक प्रकार. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क राज्य सरकारनं १ जुलै २००४ च्या अधिसूचनेनं माफ केलं. साध्या कागदावर चालेल, असा त्याचा अर्थ. तरीही विद्यार्थी वर्षानुवर्षं शंभराचा मुद्रांक घेत राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराच्या जागी किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागू झाला, तेव्हा या दाखल्यांसाठी आता ५०० लागणार अशी चर्चा सुरू झाली आणि पुन्हा खुलासे निघाले. मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी हे मुद्रांक लागणार नाहीत असं जाहीर केलं, आणि बातमी नवीन सवलतीची म्हणून पसरली. माफी वीस वर्षं जुनी होती. गौतमीपुत्राची माफी दगडावर होती म्हणून आजही वाचता येते. २००४ ची अधिसूचना राजपत्रात राहिली आणि जिच्यासाठी निघाली त्या अकरावीच्या मुलीपर्यंत पोचली नाही.

हे नाशिकमध्ये घडतं याची खंत अधिक वाटते, कारण देशाच्या करांचा कागद छापणारं गाव हेच. नाशिकरोडचं भारत प्रतिभूती मुद्रणालय १९२५ साली उभं राहिलं. त्याआधी टपालाची तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून यायची. इथल्यांच्या तोंडी ते नुसतं ‘प्रेस’. टपाल तिकिटं, न्यायिकेतर मुद्रांक, कोर्ट फी, महसूल तिकीट, पासपोर्ट, सगळं इथून देशभर जातं. घरभाड्याच्या पावतीवर पाच हजारांच्या वर रक्कम असली की जे एक रुपयाचं तिकीट चिकटवतो, त्याचा माग काढला तर वाट नाशिकरोडला येऊन थांबते. नाशिकरोडच्या कितीतरी घरांत दोन-दोन, तीन-तीन पिढ्यांची चूल प्रेसवर पेटली.

याच प्रेसमधून भंगारात निघालेली यंत्रं मिळवून अब्दुल करीम तेलगीनं बनावट मुद्रांकांचा कारभार उभा केला. २००७ साली त्याला सक्तमजुरी आणि २०२ कोटींचा दंड झाला. त्या प्रकरणाची आठवण लोक भ्रष्टाचारासाठी काढतात. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: खऱ्या मुद्रांकांची टंचाई हे त्याचं भांडवल होतं. सरकारी कागद सरळ वाटेनं पुरेसा मिळत नाही, तिथे मधला माणूस जन्माला येतो. तो तेलगीच असेल असं नाही. बहुतेक वेळा तो दहा-वीस रुपये घेणारा सामान्य माणूस असतो. पण दोघांचाही धंदा चालतो तो कागदाच्या टंचाईवर.

मग कागद सरळ वाटेनं कुठे मिळावा? माझं उत्तर टिळक पथावर आहे.

सार्वजनिक वाचनालय, नाशिक, म्हणजे आपलं सावाना, १८४० साली ‘नेटिव्ह लायब्ररी’ म्हणून सुरू झालं. महाराष्ट्रात त्याच्या आधीची वाचनालयं हाताच्या बोटांवर मोजता येतील: रत्नागिरीचं १८२८ चं, अहमदनगरचं १८३८ चं. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, म्हणजे आपल्या नंतरचं. पुष्कळ काळ सावाना सरकारवाड्यात होतं. हिंदुस्थानात ब्रिटिशांनी आयकर आणला तो १८६० साली, जेम्स विल्सननं, १८५७ नंतरची तिजोरी भरून काढण्यासाठी. म्हणजे नाशिककरांना आयकर माहीत होण्याआधी वीस वर्षं त्यांच्याकडे सार्वजनिक वाचनालय होतं. आज टिळक पथावरच्या त्याच्या वास्तूत सायखेडकर नाट्यगृह आहे, सभागृह आहे, वस्तुसंग्रहालय आहे. आणि वर्तमानपत्रं वाचायला सकाळी येणारी माणसं आहेत. तीच माणसं, जी एप्रिलमध्ये बँकेच्या रांगेत उभी असतात.

वाचनालयच का? कारण तिथे जायला कामाचं निमित्त लागत नाही. कार्यालयात शिरताना माणूस दबलेला असतो: आपण काही चुकलो का, नोटीस आली का, साहेब ओरडतील का. दुकानात शिरला की काहीतरी विकत घ्यावं लागतं. वाचनालयात कुणी “काय काम आहे?” असं विचारत नाही. टेबल असतं, खुर्ची असते, उजेड असतो, समोर चष्मा पुसून नीट वाचण्याइतका वेळ असतो. आणि टेबलापलीकडे जी व्यक्ती बसलेली असते, तिला छापील मजकुराशी वागायची सवय असते. तिला काही विकायचं नसतं आणि वसूलही करायचं नसतं.

अमेरिकेत हे अनेक वर्षं चालत आलेलं आहे. तिथल्या महसूल विभागाची एक योजनाच आहे, ज्यातून वाचनालयं आणि टपाल कचेऱ्या कराचे नमुने मागवून घेतात. जानेवारी-फेब्रुवारीत गावच्या वाचनालयात ‘१०४०’ या मुख्य नमुन्याचे गठ्ठे आणि माहितीपुस्तिका येऊन पडतात. तिथेही सगळं सुरळीत नाही. २०१० च्या सुमारास घरोघर टपालानं फॉर्म पाठवणं बंद झालं, तेव्हा वाचनालयांवरचा भार वाढला. पुढे विभागाचं अंदाजपत्रक कापलं गेलं आणि गठ्ठे लहान झाले, उशिरा येऊ लागले, ग्रंथपालांना लोकांची बोलणी खावी लागली. पण ती पद्धत मोडली नाही. उलट २०१९ च्या उत्पन्नासाठी पासष्टीच्या पुढच्यांकरता मोठ्या टायपातला ‘१०४०-एसआर’ हा वेगळा नमुना निघाला. तिथला ग्रंथपाल कराबद्दल सल्ला देत नाही, फक्त फॉर्म देतो आणि कुठे विचारायचं ते सांगतो. सल्ल्यासाठी प्रशिक्षित स्वयंसेवकांची योजना १९६९ पासून आहे, आणि ते स्वयंसेवक कित्येकदा त्याच वाचनालयाच्या एका खोलीत बसतात. फॉर्म देणं आणि सल्ला देणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यामुळे ग्रंथपालावर भलती जबाबदारी येत नाही. आपल्याला उचलायची असेल तर ही विभागणी उचलावी.

आपल्याकडे यासाठी कायद्यात आधार शोधावा लागत नाही. माहितीचा अधिकार कायदा, २००५, याच्या चौथ्या कलमात प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं आपण होऊन काय काय प्रसिद्ध करायचं याची यादी आहे. त्या यादीत नागरिकांना माहिती मिळवण्यासाठी असलेल्या सुविधांचा तपशील येतो, आणि तिथे ग्रंथालय किंवा वाचनकक्ष असल्यास त्याच्या वेळा द्याव्यात असंही स्पष्ट म्हटलं आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वाचनालय होतं. शिवाय माहितीचा अर्ज साध्या कागदावर लिहिला तरी केंद्राच्या कार्यालयात चालतो. कराच्या बाबतीत तशी मोकळीक नाही, विहित नमुनाच लागतो. मग ज्यानं नमुना विहित केला त्यानंच तो पुरवायचा, हे न्यायाला धरून आहे.

राज्यात शासनमान्य वाचनालयं अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली त्यांना अनुदान मिळतं. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग. अनुदान अपुरं, उशिरा येणारं, आणि खेड्यातल्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथपालाच्या हाती महिन्याला जे पडतं ते सांगायलाही संकोच वाटावा असं. तमिळनाडूत आणि कर्नाटकात मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय कर गोळा होतो आणि तो वाचनालयांवर खर्च होतो. महाराष्ट्राच्या कायद्यात तसा कर नाही. आपल्याच कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्ये देशातला पहिला ग्रंथालय कायदा केला होता, हे ध्यानात घेतलं तर ही उणीव जास्त जाणवते. तेव्हा ग्रंथपालावर आणखी एक काम टाकायचं तर त्यासाठीचे पैसे द्यावे लागतील, हे मी आधीच म्हणतो. आयकर विभागानं छपाई आणि वाहतूक उचलावी, राज्यानं ग्रंथपालाला या कामाचं मानधन द्यावं. हाताखाली शिपाईसुद्धा नसलेल्या माणसाकडून फुकट सेवा घेण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

फक्त आयकराचाच विचार मी करत नाही. नाशिककराला सगळ्यात जवळून भिडतो तो कर म्हणजे घरपट्टी. २०१८ साली तुकाराम मुंढे महापालिकेचे आयुक्त असताना करयोग्य मूल्याचे दर वाढले, मोकळ्या भूखंडांवरही कर लागू झाला, आणि शहर ढवळून निघालं. मोर्चे निघाले, महासभा गाजली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांची बदली झाली. वाढ बरोबर की चूक, यावर इथे मी बोलत नाही. त्या सगळ्या गदारोळात ‘करयोग्य मूल्य’ कसं काढतात, आपल्या घराचं क्षेत्रफळ चुकलं असेल तर हरकत कोणत्या नमुन्यात, कोणत्या विभागीय कार्यालयात, किती दिवसांत घ्यायची, हे सिडकोतल्या किंवा सातपूरच्या साध्या कामगाराला एका जागी वाचायला मिळत नव्हतं. नगरसेवकाच्या कार्यालयात जावं लागत होतं, आणि ज्याचं नगरसेवकाशी जमत नाही त्यानं कुठे जायचं? महापालिकेची सहा विभागीय कार्यालयं आहेत. गल्लीतलं वाचनालय त्यांच्यापेक्षा जवळ असतं. वडील गेल्यावर घरपट्टीवर नाव लावायचा अर्ज, पाणीपट्टीचा अर्ज, आगाऊ भरणाऱ्यांसाठी एप्रिल ते जूनमध्ये मिळणाऱ्या सवलतीची माहिती, हे सगळं तिथल्या फळीवर ठेवता येण्यासारखं आहे.

निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याचंही एक काम असतं. शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, म्हणून कित्येकांकडे वर्षानुवर्षं पॅन नव्हतं. द्राक्षाचे पैसे आले, बँकेत मोठी रक्कम भरायची आहे आणि पॅन नाही, की ‘फॉर्म ६०’ (१९६१ च्या कायद्यातलं नाव) लागतो. त्यात शेतीचं उत्पन्न आणि इतर उत्पन्न वेगळं लिहायचं असतं. घाईत आकडा चुकीच्या रकान्यात पडला, की कर लागू नसलेला माणूस पुढे नोटिशीला उत्तर देत बसतो. आयकराचे नमुने राजपत्रात येतात ते हिंदी आणि इंग्रजीत. वाचनालयात नमुन्याशेजारी मराठीत भरून दाखवलेली एक प्रत लावलेली असली, प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी, तर दहावी शिकलेल्या शेतकऱ्याला तो अर्ज स्वतः भरता येईल. स्वतः भरलेला अर्ज माणूस वाचतो. दुसऱ्यानं भरलेल्या अर्जावर तो फक्त सही करतो.

खेड्यापाड्यांपर्यंत पोचायची वाटही नाशिकनंच घालून दिली आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीनं विनायक रानडे यांनी २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. १०० पुस्तकांची एक पेटी, ती वाचकांच्या एका गटाकडे जाते, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलते. नाशिकमधून निघालेल्या या पेट्या महाराष्ट्राबाहेर आणि परदेशातल्या मराठी घरांतही गेल्या. पुस्तक वाचकाकडे चालत जाऊ शकतं हे ज्या शहरानं दाखवलं, त्या शहराला अर्जाची एक फाइल गावोगाव पोचवणं अवघड नाही. त्र्यंबक, इगतपुरी, कळवणच्या वाचनालयांत ती ठेवायची आणि दर तीन महिन्यांनी जुने नमुने काढून नवे घालायचे.

यावर आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत. नमुने बदलतात, जुना फॉर्म राहिला तर लोकांचं नुकसान होईल. खरं आहे. म्हणून प्रत्येक नमुन्यावर तो कोणत्या वर्षापर्यंत चालेल हे ठळक छापावं, आणि मुदत संपलेले गठ्ठे परत घ्यायची जबाबदारी पुरवणाऱ्या कार्यालयाची असावी. दुसरा आक्षेप असा की, कागदाचा खर्च कशाला, सगळे मोबाइलवर आले आहेत. सगळे आलेले नाहीत, आणि जे आलेत त्यांतल्या अनेकांच्या मोबाइलवर दुसराच कुणीतरी बोटं चालवतो. तिसरा आक्षेप ग्रंथपालांचाच असेल: लोक आम्हालाच विचारतील, आणि चुकलं तर आमच्या अंगाशी येईल. त्यासाठी सल्ल्याचं काम वेगळं काढावं. नाशिकमध्ये सनदी लेखापालांच्या संस्थेची शाखा आहे, आर्टिकलशिप करणारी शेकडो मुलं-मुली आहेत. एप्रिलमध्ये आणि जुलैमध्ये ठरलेल्या वारी दोन तास ती वाचनालयात बसली, तर त्यांनाही ऑडिटच्या फाइलीत न भेटणारा करदाता भेटेल. २००६ मध्ये केंद्रानं पदवीधरांना प्रशिक्षण देऊन कर विवरण तयार करणारे सहायक नेमण्याची योजना आणलीच होती. म्हणजे कल्पना सरकारला परकी नाही.

घाई करायला एक ठोस कारण आहे. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा नवा कायदा घेतो. २१ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या या कायद्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. ५३६ कलमं, सुटसुटीत भाषा, आणि ‘करनिर्धारण वर्ष’, ‘मागील वर्ष’ या जोडीऐवजी एकच ‘कर वर्ष’. चाळीस वर्षं पाठ झालेले कलमांचे क्रमांक बदलतात, त्यांच्याखालचे नियम आणि नमुने नव्यानं निघतात. ज्या आजोबांना ‘पंधरा एच’ एवढा एकच शब्द माहीत आहे, त्यांना बँकेत गेल्यावर नक्की कोणता कागद मागायचा हेच पुन्हा विचारावं लागेल. २०२५ साली विवरणपत्राची मुदतही ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर आणि शेवटी १६ सप्टेंबर अशी सरकली, आणि ती सरकल्याचं कितीतरी लोकांना शेजाऱ्याकडून कळलं.

तेव्हा मागणी करायची तर आत्ताच. गडकरी चौकातल्या केंद्रीय राजस्व भवनापासून टिळक पथावरच्या सावानापर्यंत रिक्षानं काही मिनिटं लागतात. मार्च संपायच्या आत पुढच्या गोष्टी तिथे पोचाव्यात: व्याजावर कर कापू नका असं सांगणारा नवा नमुना, ऐंशीच्या पुढच्यांसाठी कोरं विवरणपत्र, पंचाहत्तरीच्या पुढच्यांचं बँकेला द्यायचं घोषणापत्र, पॅनचा अर्ज, पॅन नसणाऱ्यांचं घोषणापत्र, महापालिकेचे घरपट्टीचे दोन अर्ज, आणि मुद्रांक कशाला लागत नाही याची मराठीतली एक पाटी. पाटी वर्तमानपत्रांच्या टेबलासमोर लावावी, मोठ्या अक्षरांत. सावानात हे वर्षभर चाललं की जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे सगळ्या तालुक्यांसाठी प्रस्ताव नेता येईल, आणि त्यासोबत किती फॉर्म गेले, कोणते लागले, कोणते पडून राहिले याचा हिशेबही.